बंद पडलेली स्कूटर घेताना भीती कशाची धरायची?

भिलाईच्या टाउनशिपमध्ये जुन्या स्कूटरी बाहेर पडायचा एक ठरलेला मुहूर्त असतो. घरातला कर्ता माणूस स्टील प्लांटमधून निवृत्त होतो, सेक्टरमधलं क्वार्टर रिकामं करायची तारीख जवळ येते आणि इतक्या वर्षांच्या सामानाची वासलात लावता लावता मागच्या आवारातल्या ताडपत्रीखालून एक बजाज निघते. टायर बसलेले, सीट उंदरांनी कुरतडलेली, आरशाच्या जागी नुसती दांडी. कबाडी वजनावर भाव सांगतो. एखादा हौशी पुढे येऊन चार किका मारतो. इंजिन ढिम्म. मग "इंजिन गेलंय" असा निकाल लागतो आणि त्यावर सौदा ठरतो.

नेमकी इथेच गफलत होते. ज्या इंजिनाला सगळे घाबरतात ते बहुतेक वेळा माफक खर्चात उठतं. ज्या दोन गोष्टींकडे कुणी वाकूनही बघत नाही, म्हणजे कागद आणि पायाखालचा पत्रा, त्या मात्र घेणाऱ्याला बुडवतात. या व्यवहारात ऐकू येणारे समज एकेक करून तपासू.

गैरसमज १ : जुनी बजाज म्हणजे चेतकच.

वस्तुस्थिती : नाही, आणि हा फरक खिशाला लागतो. बजाजने १९४८ पासून इटलीच्या व्हेस्पा आयात केल्या. पुढे पियाजिओच्या परवान्याने आकुर्डीत त्यांचं उत्पादन सुरू झालं. हा करार १९७१ मध्ये संपला आणि १९७२ मध्ये राणा प्रतापांच्या घोड्याचं नाव घेऊन चेतक आली. तिच्या अंगात रक्त व्हेस्पाचंच होतं. त्याच घराण्यात बजाज १५०, सुपर आणि साताऱ्याच्या महाराष्ट्र स्कूटर्समध्ये बनलेली प्रिया. सुपरची चाकं ८ इंची, चेतकची १० इंची. म्हणजे टायर-ट्यूबपासूनच हिशेब वेगळा.

लॅम्ब्रेटाचं कूळच निराळं. ती आधी मुंबईच्या ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडियाने बनवली. नंतर १९७२ साली स्थापन झालेल्या लखनौच्या सरकारी स्कूटर्स इंडियाने 'विजय सुपर' या नावाने काढली. व्हेस्पा-चेतकमध्ये इंजिन थेट मागच्या चाकाशी गिअरने जोडलेलं असतं, लॅम्ब्रेटात मध्ये साखळी असते. एकीचे भाग दुसरीला बसत नाहीत. तेव्हा विकणारा काय म्हणतो त्यापेक्षा पॅनेल काढल्यावर काय दिसतं, ते खरं.

गैरसमज २ : कागद नसले तर उलट बरं, भाव पाडून मिळतो.

वस्तुस्थिती : बिनकागदाची स्कूटर म्हणजे स्कूटरच्या आकाराचं भंगार. ती अंगणात ठेवता येईल, रस्त्यावर काढता येणार नाही. भिलाईत यात आणखी एक गुंता आहे. छत्तीसगड राज्य १ नोव्हेंबर २००० ला झालं. त्याआधीच्या गाड्यांच्या नंबराला मध्य प्रदेशची अक्षरं आहेत, आता दुर्ग जिल्ह्याच्या गाड्यांना सीजी ०७ मिळतो. जुनी नोंद बहुधा कागदी रजिस्टरात असते आणि ती संगणकावर चढवलेली नसेल तर पुढचं कुठलंच काम सरकत नाही. म्हणून पैसे देण्याआधी तो नंबर परिवहन खात्याच्या ॲपवर टाकून बघा. दिसला नाही, तर आरटीओत जाऊन विचारा.

मग आरसी बुकातला चॅसिस नंबर बॉडीवर ठोकलेल्या नंबराशी आणि इंजिन नंबर इंजिनाच्या केसिंगवरच्या नंबराशी अक्षर-अक्षर जुळवा. गंजाखाली आकडे बुजले असतील तर रॉकेलच्या बोळ्याने पुसा. कानस लावू नका. घासलेला नंबर तपासणीत संशयास्पद ठरतो. मालकी बदलायला फॉर्म २९ आणि ३० लागतात, मालक वारले असतील तर वारसांचा फॉर्म ३१, आरसी हरवली असेल तर दुसऱ्या प्रतीसाठी फॉर्म २६, आणि गाडी नागपूर-गोंदियाहून आणलेली असेल तर तिकडच्या आरटीओचं ना-हरकत पत्र म्हणजे फॉर्म २८. आरसीवर काकांचं नाव आणि व्यवहार करणारा पुतण्या, असं असेल तर काकांची किंवा वारसांची सही आधी, पैसे नंतर.

गैरसमज ३ : पंधरा वर्षं झाली की गाडी कायद्यानेच बाद.

वस्तुस्थिती : पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवरच्या बंदीची जी चर्चा आपण ऐकतो, ती हरित लवाद आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या आदेशामुळे दिल्ली आणि परिसरापुरती झाली. बाकीकडे मोटार वाहन कायद्याप्रमाणे खासगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षं चालते. मग तपासणी करून फॉर्म २५ भरला की ती दर वेळी ५ वर्षांनी वाढवता येते.

मेख आहे ती फीमध्ये. १ एप्रिल २०२२ पासून दुचाकीच्या नूतनीकरणाची फी ३०० वरून १,००० रुपये झाली आणि २०२५ मध्ये २० वर्षांवरच्या दुचाकींसाठी २,००० रुपये. शिवाय उशीर केल्यास दर महिन्याला ३०० रुपये जादा फीची तरतूद आहे, म्हणजे वर्षाचे ३,६००. नोंदणी संपून पाच-सात वर्षं झालेली असली तर ही रक्कम स्कूटरच्या किमतीवर कडी करू शकते. ती किती होते हे आरटीओच्या खिडकीवर विचारून मगच घासाघीस करा. भाव पाडायला बंद इंजिनापेक्षा हा आकडा जास्त उपयोगी पडतो.

पीयूसीचीही भीती उगाच वाढवलेली आहे. टू-स्ट्रोक धूर सोडणारच, पण मर्यादा गाडीच्या वयाप्रमाणे ठरतात. मार्च २००० पूर्वीच्या दुचाकीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ४.५ टक्के आहे आणि नीट बसवलेलं इंजिन त्यात बसतं.

गैरसमज ४ : 'व्हिंटेज' म्हणून नोंद केली की कटकट मिटली.

वस्तुस्थिती : २०२१ च्या केंद्रीय नियमांत व्हिंटेज शब्दाला ठरलेला अर्थ आहे. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं पूर्ण आणि गाडी मूळ रूपात. अगदी पहिल्या वर्षाची चेतकही २०२२ च्या आत त्यात बसत नव्हती; १९८५ ची तर अजून बसत नाही. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, पुनर्नोंदणीची ५,०००, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं आणि मुदत १० वर्षं. या नंबरावर गाडी प्रदर्शनाला, रॅलीला, पेट्रोल भरायला किंवा दुरुस्तीला नेता येते, रोजच्या कामाला नाही. सिव्हिक सेंटरला भाजी आणायला स्कूटर हवी असेल तर साधं नूतनीकरणच बरं.

गैरसमज ५ : किक जाम म्हणजे इंजिन खलास.

वस्तुस्थिती : चेतकचं इंजिन म्हणजे ५७ मिलिमीटर व्यासाचं सिलिंडर, तेवढाच स्ट्रोक आणि १४५.४५ सीसी. आत व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही. वर्षानुवर्षं उभ्या गाडीत बहुधा पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला धरून बसलेल्या असतात. कधी तर इंजिन मोकळं असतं आणि अडकलेला असतो नुसता किकचा गिअर.

किकवर उड्या मारू नका. प्लग काढा, त्या भोकातून डिझेल आणि ऑइल सोडा आणि दोन-तीन दिवस विसरून जा. मग वरचा गिअर टाकून गाडी हळूहळू पुढे-मागे झुलवा. बऱ्याचदा ती 'सुटते'. नाही सुटली तर हेड उघडायचं. सिलिंडरवर ओरखडे असतील तर रिबोअर आणि ओव्हरसाइझ पिस्टन, हे भिलाईतल्या पॉवर हाउस किंवा सुपेला भागातल्या कुठल्याही जुन्या मेस्त्रीच्या हातचं काम.

खरी काळजी क्रँकची. टू-स्ट्रोकच्या क्रँककेसमध्ये ऑइलचा साठा नसतो. पेट्रोलमधून येईल तेवढंच ऑइल बेअरिंगला मिळतं. उभ्या गाडीत ओल शिरली की बेअरिंग गंजतात आणि ऑइल सीलचं रबर कडक होतं. मॅग्नेटोच्या बाजूचं सील गेलं तर बाहेरची हवा आत ओढली जाते, मिश्रण पातळ होतं, इंजिन तापून धरतं. क्लचच्या बाजूचं गेलं तर गिअर ऑइल जळतं आणि पांढऱ्या धुराचा लोट निघतो. म्हणून इंजिन एकदा उघडलंच, तर सील आणि बेअरिंग न बदलता बंद करणं म्हणजे तोच खर्च दुसऱ्यांदा करायची तयारी.

गैरसमज ६ : बॅटरी नाही म्हणून सुरू होत नाही, आणि आधी वाकडी करावी लागतेच.

वस्तुस्थिती : या स्कूटरींत ठिणगी फ्लायव्हीलच्या मॅग्नेटोतून येते, सुरू व्हायला बॅटरी लागत नाही. ठिणगी नसेल तर कॉइल बदलण्याआधी स्वस्तातलं बघा : प्लग, पॉइंटवरचा काळा थर, पॉइंटमधली फट आणि कंडेन्सर. उभ्या गाडीचे पॉइंट गंजलेलेच असतात. बारीक पॉलिश पेपर फिरवून, फीलर गेजने फट लावली की निम्म्या गाड्यांचं दुखणं तिथेच संपतं. नंतरच्या इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या मॉडेलांत पॉइंट नसतात, हेही आधी बघून घ्या.

आणि ते वाकडं करणं! अख्ख्या देशाने सकाळी ऑफिसला निघताना केलेला हा व्यायाम स्कूटरच्या रचनेचा भाग नव्हता. वाकडी केली की कार्बोरेटरच्या फ्लोटमधलं पेट्रोल हिंदकळून मिश्रण घट्ट होतं, म्हणजे चोकचं काम हाताने होतं. चोकची केबल नीट ओढत असेल आणि जेट साफ असतील तर गाडी उभ्या-उभ्या सुरू व्हायला हवी. रोज वाकडी करावी लागत असेल तर कार्बोरेटर उघडायची वेळ झाली.

गैरसमज ७ : ऑइल जरा जास्तच घालावं, इंजिन टिकतं.

वस्तुस्थिती : चेतकला २ टक्के पुरतं : लिटरला २० मिलि, पाच लिटरला १०० मिलि, तेही टू-टी ऑइल, कारचं किंवा मोटरसायकलचं इंजिन ऑइल नाही. जास्त घातलं तर प्लग काळा होतो आणि सायलेन्सर कार्बनने भरतो. शिवाय मिश्रणात ऑइल वाढलं की पेट्रोलचा वाटा तेवढा घटतो. कमी घातलं तर पिस्टन धरतो. प्रमाण अंदाजाने नको, मापाने घ्या.

गैरसमज ८ : शिसं नसलेल्या पेट्रोलवर जुन्या गाड्या मरतात.

वस्तुस्थिती : देशात शिशाचं पेट्रोल २००० साली बंद झालं. शिशाचा एक फायदा चार-स्ट्रोक इंजिनाच्या व्हॉल्व्हच्या बैठकीला होत असे. इथे व्हॉल्व्हच नाहीत, मग शिशाचं काय काम? आजची अडचण वेगळी आहे. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे. इथेनॉल जुनं रबर फुगवतं आणि हवेतली ओल ओढून घेतं. पाणी जास्त झालं की ते इथेनॉलसह टाकीच्या तळाशी बसतं आणि आतून गंज सुरू होतो. उपाय सोपे आहेत : पेट्रोलची नळी आणि कार्बोरेटरची पॅकिंग नवी घाला, आणि पावसाळ्यात गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कॉक बंद करून कार्बोरेटर रिकामा करा.

गैरसमज ९ : रंग चकचकीत आहे म्हणजे बॉडी ठणठणीत आहे.

वस्तुस्थिती : सगळ्यात महाग पडणारा समज हाच. १९४६ ची पहिली व्हेस्पा बनवणारे कोरादिनो दास्कानिओ मुळात विमानांचे अभियंते. त्यांनी मोटरसायकलसारखा नळ्यांचा सांगाडा टाळला आणि दाबून घडवलेला पत्राच सांगाडा केला. चेतकचंही तेच. मोटरसायकलचं मडगार्ड गंजलं तर मडगार्ड बदलतं. चेतकची पायाखालची फळी गंजली तर गाडीचा कणा गंजतो.

भिलाईची ओळख रूळ आणि जाड प्लेटा. तिथे वाढलेल्या माणसाला हा पातळ पत्रा फसवतो. वरून रंग छान, आत नुसती जाळी. बघायला जाताना पाना नेला नाही तरी चालेल, टॉर्च आणि लोहचुंबक न्या. रबर मॅट उचला, पायाखालची फळी खालून बघा, मधल्या उंचवट्याच्या कडा, मागच्या ब्रेक पेडलभोवतीचा भाग, स्टँडच्या बोल्टांच्या जागा, स्टेपनीमागचा कोपरा. चुंबक जिथे चिकटत नाही तिथे पत्रा नसून पुट्टी आहे. जिथे स्क्रूड्रायव्हरने दाबल्यावर पत्रा दबतो तिथे तो कापून नवा जोडावा लागणार. ताज्या रंगाच्या स्कूटरपेक्षा मूळ रंगाची, गंजकी पण प्रामाणिक दिसणारी गाडी परवडते. तिच्यातलं वाईट निदान दिसतं तरी.

गैरसमज १० : सुटे भाग मिळतच नाहीत.

वस्तुस्थिती : चेतक तीन दशकांहून अधिक काळ आणि प्रचंड संख्येने बनली. त्यामुळे पिस्टन, रिंगा, क्लच प्लेट, केबली, ब्रेक शू, सील हे सगळं मिळतं, फक्त दर्जा बघून घ्यायचा. अडते ती दिखाऊ वस्तू : धातूचं नावाचं चिन्ह, काचेचा हेडलाइट, चालू मीटर, मूळ हँडल. म्हणून अशा वस्तू मोडक्या असल्या तरी कबाड्याला देऊ नका. विजय सुपरच्या बाबतीत शोधाशोध जास्त, आणि ती करताना चिकाटी लागते.

मग क्रम काय? आधी कागद, मग पत्रा, मग ब्रेक-केबली-टायर, मग इंजिन, आणि रंग अगदी शेवटी. बहुतेक हौशी लोक उलट्या टोकाने सुरुवात करतात. पहिल्या पगारात रंग मारून होतो, मग पत्र्याच्या कामासाठी तो खरवडावा लागतो, आणि सगळं झाल्यावर कळतं की आरसी बुकातला चॅसिस नंबर वेगळाच आहे.

तेव्हा पुढच्या वेळी ताडपत्रीखालून चेतक निघाली तर किकवर पाय ठेवायची घाई नको. त्या काकांना आधी विचारा, आरसी बुक कुठे आहे? ज्या पिढीने बजाजसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहिली, तिने ते बहुधा टाकलेलं नसतं. लोखंडी पेटीत, विम्याच्या जुन्या पावत्यांच्या खाली, प्लास्टिकच्या पिशवीत ते असतं. ते सापडलं आणि नंबर जुळला, तर बंद इंजिनाचा भाव जरूर पाडा. नाही सापडलं, तर कबाड्याने सांगितलेला भाव बरोबर आहे.