संसार दोघांचा, मिळकत एकाची

संसार मोडला म्हणजे दुकान कोणाचें, हा प्रश्न आमचे व्यापारी बंधु निघूंच देत नाहींत. दस्तऐवज ज्याच्या नांवें, दुकान त्याचें! १९५५ च्या हिंदु विवाह कायद्याचें २७ वें कलम लग्नाच्या सुमारास मिळालेल्या सामायिक वस्तूंपुरतेंच बोलतें. पुढें दोघांच्या कष्टानें उभ्या राहिलेल्या, पण नवऱ्याच्या नांवें असलेल्या घरादाराविषयीं तें मुकें आहे. स्त्रीस पोटगी मिळते, वांटा नाहीं. भागीदारास कोणी पोटगी देतो काय? बांदा ओलांडून गोव्यांत जावें, तों तेथें १८६७ च्या पोर्तुगीज संहितेपासून चालत आलेला नियम असा कीं, लग्नापूर्वीं निराळा करार नसल्यास मिळकत उभयतांची व फारकत होतांच निम्मीनिम्मी. परकी सत्ता १९६१ सालीं गेली. नियम राहिला, आणि त्यापायीं तेथील पेढ्या कांहीं बुडाल्या नाहींत. संसदेनें २७ वें कलम तेवढें रुंद करावें, अशी आमची मागणी आहे. वकिलांचें काम त्यानें घटेल, हें आम्ही जाणून आहों.