'येस' म्हणजे 'हो' नव्हे

माझी भाची पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. मागच्या महिन्यात तिला मँचेस्टरच्या क्लायंटने फोनवर विचारलं, 'यू हॅवन्ट सेंट द फाइल?' ती म्हणाली, 'येस.' तिच्या मनात होतं, 'हो ना, राहिलीच पाठवायची.' त्याने ऐकलं, पाठवली. दोन तास तो इनबॉक्स उपसत बसला आणि मग जे व्हायचं ते झालं. रविवारी घरी आली तेव्हा तिने विचारलं, 'मामा, यात माझं चुकलं काय?'

तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या माणसाला उत्तर पटकन यायला हवं होतं. आलं नाही.

मराठीतला 'हो' हा समोरच्या माणसाला दिलेला दुजोरा असतो. 'जेवला नाहीस?' 'हो, नाही जेवलो.' म्हणजे, तुम्ही म्हणता ते खरं. इंग्रजी 'येस'ला विचारणाऱ्याशी देणंघेणं नसतं. फाइल गेली असेल तर येस, नसेल तर नो. प्रश्न सरळ विचारा नाहीतर उलटा. म्हणून भाचीने म्हणायला हवं होतं, 'नो, आय हॅवन्ट.' तिला ते विचित्र वाटलं. नाही म्हणणाऱ्याला नाही म्हणून दुजोरा द्यायचा?

खुद्द इंग्रजीतही एकेकाळी हे इतकं सुटसुटीत नव्हतं. जुन्या इंग्रजांकडे दोनाऐवजी चार शब्द होते. सरळ प्रश्नाला 'ये' किंवा 'ने', आणि नकारार्थी प्रश्नाला 'येस' किंवा 'नो'. 'येस'चं खास काम म्हणजे समोरच्याचा नकार खोडून काढणं. बायबलचा अनुवाद करणाऱ्या विल्यम टिंडलला 'नो' आणि 'ने' यांतला फरक कळत नाही, म्हणून टॉमस मोर यांनी १५३२च्या सुमारास त्याला छापील ग्रंथात झाडलं होतं. मोर यांचा टिंडलवरचा मूळ राग धर्माचा, पण व्याकरणाची काठी हाताशी आली तर कोण सोडतो? पुढच्या चार वर्षांत दोघांनाही देहदंड झाला. अर्थात व्याकरणासाठी नव्हे. 'ये' आणि 'ने' मग हळूहळू मागे पडले आणि उरलेल्या दोघांवर चौघांचं ओझं आलं.

यातलं अवाक्षरही मी कधी वर्गात सांगितलं नाही. आम्ही काय शिकवत होतो? वाक्याच्या शेवटी प्रीपोझिशन ठेवू नये. 'टू' आणि क्रियापद यांच्यामध्ये शब्द घुसवू नये. पहिल्या नियमाचा उगम बहुतेक जण कवी जॉन ड्रायडनपर्यंत नेतात. १६७२ मध्ये त्याने बेन जॉन्सनच्या लिखाणात हा दोष काढला, आणि इतकं मनावर घेतलं की स्वतःचा जुना निबंध पुन्हा छापताना त्यातल्याही असल्या जागा दुरुस्त केल्या. लॅटिनमध्ये असं चालत नाही, ही त्यामागची ओढ. पुढे १७६२ मध्ये रॉबर्ट लोथ या धर्मगुरूने व्याकरण लिहिलं. गंभीर लेखनात हे टाळावं असं त्याने सुचवलं. पण आपल्या भाषेचा याकडे फार कल आहे, हे सांगणारं त्याचं स्वतःचं वाक्य 'टू'वरच संपतं! लोथ मिश्कील होता असं मानायला मला आवडतं. दुसरा नियम तर एकोणिसाव्या शतकातला. 'टू बोल्डली गो' म्हणत १९६६ पासून 'स्टार ट्रेक'चं यान अंतराळात फिरतंय, भाषेला काही झालेलं नाही.

या लॅटिनच्या धाकाने आपल्यालाही सोडलं नाही. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ मध्ये मराठीचं व्याकरण लिहिलं ते इंग्रजी व्याकरणांच्या धर्तीवर. इंग्रजांचा साचा लॅटिनचा. नाम, सर्वनाम, विशेषण करत आपण ज्या आठ जाती घोकल्या, त्या असा लांबचा प्रवास करून आल्या आहेत.

आता ज्याची खरी पंचाईत होते ते पाहू: आर्टिकल. 'अ' की 'ॲन' हे सोपं आहे, कारण ते कानाचं काम. पुढचा शब्द स्वराने सुरू झालेला ऐकू आला पाहिजे. अक्षर कुठलंही असो. म्हणून ॲन अवर, पण अ युनिव्हर्सिटी. ॲन एमएलए, पण अ मिनिस्टर. कानावरच सगळं असल्यामुळे इंग्रजांनी स्वतःचे शब्दही चुकीच्या जागी तोडले. पूर्वी 'अ नेप्रन' होतं, त्याचं 'ॲन एप्रन' झालं. उलट 'ॲन एकनेम'मधला न पुढे सरकला आणि 'निकनेम' जन्माला आलं. ऑरेंजही असंच घडलं म्हणतात, पण तो दोष इंग्रजांचा नाही. आपला 'नारंग' फारसी-अरबीतून युरोपात गेला आणि त्याचा 'न' इंग्लंडला पोचण्याआधी वाटेतच, इटली-फ्रान्सकडे गळून पडला.

खरा घोळ 'द'चा. मराठीत आर्टिकल नाही, म्हणून आपल्याला ते कळत नाही, असं मीही सांगत आलो. ते अर्धंच खरं. आपण म्हणतो, 'डॉक्टर बोलवा.' कुणीही चालेल. 'डॉक्टरांना बोलवा' म्हटलं की ते नेहमीचे, ठरलेले डॉक्टर. 'मुलगी बघायला गेलेत' आणि 'मुलीला बघायला गेलेत' यांत पहिल्यात कांदेपोहे आहेत, दुसऱ्यात बहुधा दवाखाना. एवढ्याशा 'ला'ने जे साधलं, तेच काम इंग्रजी 'अ' आणि 'द' वाटून घेऊन करते. म्हणजे ओळखीची वस्तू आणि अनोळखी वस्तू हा भेद आपल्या अंगात आहे; तो दाखवायची जागा वेगळी. ही युक्ती सगळीकडे चालत नाही, कर्त्याला असा 'ला' लावता येत नाही. आणि गंगेला 'द' हवा, मुंबईला नको, हिमालयाला हवा, एव्हरेस्टला नको, हे तर सरळ पाठच करावं.

'आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स टेन इयर्स' हे वाक्य मी हजारदा खोडलं असेल. मागे मराठी उभी आहे हे मात्र उशिरा दिसलं. 'सोमवारपासून' आणि 'दहा वर्षांपासून', आपल्याला दोन्हीकडे एकच 'पासून' पुरतो. इंग्रजी विचारते, खुंटा दाखवताय की दोरीची लांबी? खुंटा असेल तर सिन्स, लांबी असेल तर फॉर. शिवाय आपण 'राहतोय' म्हणून वर्तमानात मोकळे होतो; इंग्रजीला तो काळ मागून ओढत आणावा लागतो, 'हॅव बीन लिव्हिंग'. 'डिस्कस अबाउट'चंही तेच. चर्चा कशाविषयी तरी होते, त्या 'विषयी'चं हे 'अबाउट'.

मग आपलं सगळंच चूक का? मीटिंग 'प्रीपोन' करणं मला तरी पूर्ण मान्य आहे. पोस्टपोनच्या उलट एक शब्द हवा होता, भारतीयांनी तो चलनात आणला, आणि ऑक्सफर्डच्या कोशानेही त्याला जागा दिली. 'आय विल रिव्हर्ट' मात्र सांभाळून. उत्तर कळवतो या अर्थाने आपल्याकडे ते रुळलंय, पण जुन्या वळणाच्या इंग्रजाला रिव्हर्ट म्हणजे मूळपदावर जाणं. हा माणूस पूर्वी काय होता, असा प्रश्न त्याला पडू शकतो.

भाचीला हे सगळं सांगून झालं. तिने पोह्यांची बशी बाजूला सारली. 'बरं, समज, फाइल मी खरंच पाठवली होती आणि तरी तो म्हणाला, नाही पाठवलीस. मराठीत मी म्हटलं असतं, पाठवली की! हा 'की' इंग्रजीत कसा म्हणायचा?'

जुना 'येस' होता तो याच कामाचा. जर्मनांकडे त्यासाठी अजून 'डोख' आहे, फ्रेंचांकडे 'सी'. इंग्रजीत आता नुसत्या 'येस'चा भरवसा नाही. मी म्हटलं, 'आय डिड सेंड इट, म्हण. डिडवर जोर दे.'

'पण शाळेत तूच तर सांगायचास, साध्या होकारार्थी वाक्यात डिड आलं की खोडायचं.'

खोडत होतो की.