प्राचीन इजिप्तमधील ताईत

प्राचीन इजिप्तमध्यें राजापासून मजुरापर्यंत सर्व लोक ताईत वापरीत. सुमारें ३,००० वर्षांपूर्वीं तेथील कांहीं आईबाप पपायरसच्या अरुंद पट्टीवर देवतेचें अभयवचन लिहवून घेत, व ती गुंडाळी नळींत घालून लेंकराच्या गळ्यांत बांधीत. तींत सर्प, विंचू व रोग यांपासून रक्षणाचें आश्वासन असे.

संपन्न मृताच्या छातीवर हिरवट दगडाचा भुंगा ठेवीत. परलोकीं ओसायरिस देवापुढें मनुष्याचें हृदय सत्याच्या पिसाशीं तोललें जातें, अशी त्यांची श्रद्धा होती. त्या भुंग्यावर कोरलेली विनवणी देवास नव्हे, तर स्वतःच्याच हृदयास असे. न्यायाच्या वेळीं त्यानें आपल्याविरुद्ध साक्ष देऊं नये!

विद्यार्थिमित्रहो, विंचवास भिणारें लेंकरूं अखेरीस आपल्याच हृदयास भीत असे; कारण केलेलें सर्व त्यास ठाऊक असे.