ब्रेक डिस्कचा, जोर हवेचा

एका वाचकांनी विचारलं आहे: घरच्या जुन्या प्रीमियर पद्मिनीचे पुढचे ड्रम काढून बूस्टरसकट डिस्क ब्रेक बसवले, तर गाडी निम्म्या अंतरात थांबेल असं गॅरेजवाले सांगतात. खरं का?

नाही. थंड ब्रेकने, कोरड्या रस्त्यावर, एकदाच थांबायचं असेल तर नक्कीच नाही. गाडी किती लवकर थांबणार हे टायर आणि डांबर मिळून ठरवतात. नीट ॲडजस्ट केलेले ड्रमसुद्धा पेडल जोरात दाबलं की चाक जाम करतात, आणि चाक जाम झाल्यावर ब्रेकला करण्यासारखं काही उरत नाही. ताशी 80 किलोमीटरवरून थांबायला चांगल्या टायरवर तीसेक मीटर लागतात, ब्रेक कुठलाही असो.

डिस्कची किंमत वसूल होते ती घाटात. पाच माणसं धरून पद्मिनीचं वजन 1200 किलोच्या आसपास भरतं. ताशी 80 वरून ती थांबवली की सुमारे 300 किलोज्यूल ऊर्जेची उष्णता होते. एक लिटर पाणी चहासाठी उकळीला येईल इतकी. आता खंडाळ्याहून खोपोलीला उतरा. उतार 500 मीटरचा धरला तर त्याच हिशेबाने वीस लिटर पाणी उकळेल! यातला बराच भार दुसऱ्या गिअरमधलं इंजिन उचलतं, म्हणून तर घाटात न्यूट्रल टाकणाऱ्याला जुने ड्रायव्हर शिव्या घालत. उरलेली उष्णता ड्रममध्ये कोंडते. ड्रम तापून फुगतो आणि लायनरपासून दूर सरकतो, लायनरची पकडही ढिली पडते, पेडल खाली खाली जाऊ लागतं. डिस्क मात्र उघड्यावर वारा खात फिरते, आणि तापून फुगली तरी पॅडच्याच दिशेने फुगते.

हे 1953 साली ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत जगाने पाहिलं. डनलॉपचे डिस्क ब्रेक लावलेली जॅग्वार सी-टाइप ताशी 160 किलोमीटरहून अधिक सरासरीने पहिली आली. श्रेय रास्तच, पण फ्रेडरिक लँचेस्टरने डिस्क ब्रेकचं पेटंट 1902 मध्येच घेतलं होतं. धातूवर धातू घासून तो असा किंचाळे की गिऱ्हाईक पळून जावं.

मग ड्रम इतकी वर्षं टिकला कसा? त्याच्याकडे एक फुकटची युक्ती आहे. फिरणारा ड्रम पुढच्या शूला आपल्याबरोबर ओढतो आणि तो शू आणखी घट्ट रुततो. म्हणजे ब्रेक दाबायचं निम्मं काम चाक स्वतःच करतं. डिस्कला ही सोय नाही. पॅड दाबले जातील तेवढेच दाबले जाणार. त्यामुळे नुसते डिस्क बसवले तर पेडल दगडासारखं लागतं, आणि इथे बूस्टर येतो.

माझ्या मते खरा नायक तोच. 1657 मध्ये मॅग्डेबुर्गला ऑटो फॉन गेरिकेने तांब्याचे दोन अर्धगोल जोडून आतली हवा काढली. दोन्ही बाजूंना आठ-आठ घोडे जुंपले, तरी ते सुटेनात. बाहेरची हवाच त्यांना दाबून धरत होती. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात आल्बेर देवांद्र या बेल्जियन इंजिनिअरने हीच हवा ब्रेकला जुंपली. पेट्रोल इंजिन सिलिंडरात हवा ओढतं, तेव्हा इनटेक मॅनिफोल्डमध्ये निर्वात तयारच असतो. नळी जोडायची तेवढी. बूस्टरच्या 20 सेंटिमीटर व्यासाच्या पडद्याच्या एका बाजूला हा निर्वात, दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा. दर चौरस सेंटिमीटरला 700 ग्रॅमचा फरक धरला, तरी मास्टर सिलिंडरवर दोनशे किलोंहून जास्त जोर येतो. शर्यतवाल्या जॅग्वारचं नाव सगळ्यांच्या तोंडी, देवांद्रचं कुणाच्याच नाही.

काम करून घ्यायचंच असेल तर नव्या डिस्क किती चकाकतात ते पाहत बसू नका, मास्टर सिलिंडरकडे बघा. ड्रमसाठीच्या जुन्या सिलिंडरमध्ये लाइनीत थोडा दाब राखणारा व्हॉल्व्ह असतो. तो तसाच राहिला तर पॅड डिस्कवर घासत राहतात, चाक तापतं, ॲव्हरेज पडतं. कॅलिपरला ब्रेक ऑइलही जास्त लागतं, तेव्हा सिलिंडरचा बोअर जुळायला हवा. सर्वांत घातक चूक मागच्या चाकांची. बूस्टरने सगळ्या लाइनींचा दाब वाढतो, मागे मात्र जुने, स्वतःच रुतणारे ड्रमच असतात. पेडल दाबताच गाडीचं वजन पुढे झुकतं, मागची हलकी झालेली चाकं आधी जाम होतात आणि गाडी गर्रकन फिरते. मागच्या लाइनीतला दाब मर्यादेत ठेवणारा प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह बसवल्याशिवाय गाडी ताब्यात घेऊ नका.

आणि निघण्याआधी बूस्टर तपासा. इंजिन बंद ठेवून पेडल कडक होईपर्यंत चार-पाचदा दाबा, पाय तसाच ठेवून स्टार्टर मारा. पेडल पायाखाली हलकेच खाली गेलं, तर हवा कामाला लागली. नाही गेलं, तर गॅरेजवाल्याला बॉनेट पुन्हा उघडायला लावा.