मानवेल, साग आणि कंपनीची वही

चांद्याचे जंगल आदिवासींच्या कुऱ्हाडीने गेले, असे सुशिक्षित माणसे सहज बोलून जातात. मी बुरुडाच्या घरातला पहिला पदवीधर आणि इतिहासाचा अध्यापक. ह्या विधानाची चिकित्सा मला टाळता येत नाही.

ईस्ट इंडिया कंपनीने १८१८ साली चांद्याचा किल्ला घेतला. १८५४ साली नागपूरचे राज्यच खालसा केले. म्हणजे ह्या भागावर कंपनीचा थेट अंमल जेमतेम चार वर्षांचा. पण तिची नजर त्याआधीच ठरलेली होती. मुंबईच्या गोदीत जहाजे मलबारी सागाची बांधली जात. तो साग हाती राहावा म्हणून १८०६ साली कंपनीने मलबारात वनसंरक्षक नेमला. संरक्षण कशाचे? लाकडाचे! १८५५ साली डलहौसीने ब्रह्मदेशातील पेगूचा साग सरकारी मालमत्ता ठरवला.

मोलमपल्लीचा तरुण गोंड जमीनदार बाबुराव शेडमाके ह्याला २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्यात फाशी झाली. १ नोव्हेंबरला कंपनीचे राज्य जाऊन राणीचे आले. मालक बदलला, वही तीच राहिली. १८६५, १८७८ आणि १९२७ चे वनकायदे त्याच वहीची पुढची पाने होत.

ह्या वहीत साग तेवढा श्रेष्ठ. कोवळ्या सागाला ऊन हवे, म्हणून वेली तोडा, भोवतालची 'हलकी' झाडे काढा. मोह, तेंदू, चार ही 'गौण' उपज. (झाडांतही उतरंड लावणारी ही नजर आम्हांला चांगलीच परिचित आहे.) मिश्र जंगलात वर्षभर कुठे फूल, कुठे फळ असते, त्यावर अस्वल, पाखरू आणि माणूस जगतो. निव्वळ साग ऐन उन्हाळ्यात उघडाबोडका होतो. चांद्याच्या रानातली रानम्हैस आज महाराष्ट्रात गडचिरोलीच्या कोलामार्का भागात मूठभर उरली आहे.

आमची मानवेलही ह्या वहीतून सुटली नाही. १९२७ च्या कायद्याने बांबूला झाडात गणले. मग गवताच्या जातीची ही वनस्पती सरकारची झाली. कागद गिरण्यांना करारावर, बुरुडाला मोजून पासावर. माझे वडील परवान्यासाठी दिवसदिवस नाक्यावर बसत. बेटातला नवा बांबू कडेने येतो. जाणता बुरुड कडेचा राखतो, आतला जून काढतो. नगावर मजुरी मिळणाऱ्याला एवढी उसंत नसते. हाताशी येतो तो कडेचाच.

२००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूवर गावाचा हक्क मानला. लेखा-मेंढा गावाला २००९ साली सामूहिक हक्क आणि २०११ साली बांबू वाहतुकीचे पासबुक मिळाले. आनंदच आहे. परंतु बुरुड अनुसूचित जातीचा. त्याला 'इतर पारंपरिक वननिवासी' म्हणून तीन पिढ्यांचा, पंचाहत्तर वर्षांचा रहिवास सिद्ध करावा लागतो. आमच्या वाड्यात इतके जुने कागद कोणाकडेच नाहीत. नियमांत वृद्धांचा लेखी जबाब पुरावा म्हणून चालतो. सध्या सुट्टीच्या दिवशी मी ते जबाब लिहून घेत आहे.