भाड्याने द्यायचं घर दुरुस्त करताय? मिस्त्री लावण्याआधी हे तपासा

गावातलं जुनं घर नीट करायचं, पुढच्या खोल्यांचे गाळे काढायचे आणि भाड्याने द्यायचे, असा विचार अनेकजण करतात. मिस्त्री ठरतो, वाळू-सिमेंट येतं, काम सुरू होतं. परवानगीचा विषय निघतो तो कुणी तक्रार केल्यावर. तेव्हा नोटीस मिस्त्रीला नाही, मालकाला येते.

परवानगी कधी लागते?
रंग, गिलावा, फरशी अशा डागडुजीला सहसा बांधकाम परवानगी लागत नाही. मात्र घर पाडून पुन्हा बांधणं, खोली वाढवणं, मजला चढवणं यासाठी ग्रामपंचायत अधिनियमाचं कलम ५२ लागू होतं. २०२१ पासून ग्रामीण भागात यात सवलत आहे. सुमारे १६०० चौरस फुटांपर्यंतच्या भूखंडावर मालकीची कागदपत्रं, नकाशा, अभियंता किंवा आर्किटेक्टचा दाखला आणि शुल्क ग्रामपंचायतीत भरावं लागतं. १६०० ते ३२०० पर्यंत ग्रामपंचायतीकडून काम सुरू करण्याचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. त्यापुढे नगररचना विभागाची परवानगी हवी. नमुना ८ वर नाव आहे म्हणजे परवानगी आहे, असं समजू नका. तो कर आकारणीचा उतारा आहे.

ठेकेदाराचा परवाना
खासगी घरकामासाठी गवंडी-मिस्त्रीला राज्याचा वेगळा परवाना नसतो. सार्वजनिक बांधकाम विभागाची नोंदणी सरकारी कामांसाठी असते. म्हणून दर, साहित्य कुणाचं, पैसे कोणत्या टप्प्यावर द्यायचे, हे सहीनिशी लिहून घ्या. स्लॅब किंवा बीमला हात लावायचा असेल तर आधी अभियंत्याला दाखवा.

वायरिंगचं मात्र तसं नाही. ते काम परवानाधारक विद्युत ठेकेदारानेच करायचं असतं. नव्या मीटरसाठी महावितरण त्याचाच टेस्ट रिपोर्ट मागतं. पैसे वाचवायला अर्थिंग टाळलं तर जीव भाडेकरूचा जाऊ शकतो.

घराचं दुकान केलं तर?
घरगुती मीटरवर दुकान चालवू नका. वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली लागू दराच्या दुप्पट आकारणी होते. वापर बदलला की मीटरचा प्रकार बदलून घ्या आणि ग्रामपंचायतीलाही कळवा.

काम काढण्याआधी ग्रामपंचायतीत लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. शुल्काची पावती, टेस्ट रिपोर्ट आणि मिस्त्रीसोबतचा करार एकाच फाईलमध्ये जपून ठेवा. उद्या तक्रार झाली तर हीच कागदं कामी येतील.