एका झेरॉक्स कागदावर पंचवीस लाख लिटर पाणी

घरच्या गाडीचं एक चाक जॅकवर उचला, टायरला खालून ओला गेरू फासा, जमिनीवर जुना पेपर अंथरा आणि जॅक हळूच सोडा. पुन्हा उचललात की कागदावर ठसा दिसेल. आपल्या पंजाएवढा, फार तर बोटभर मोठा.

हिशेब सोपा आहे. माणसं आणि सामान धरून गाडी १,४०० किलो, म्हणजे एका चाकावर ३५० किलो. टायरमध्ये हवा ३२ पीएसआय, म्हणजे चौरस सेंटिमीटरला सव्वादोन किलो. भागाकार येतो १५५ चौरस सेंटिमीटर. चार चाकांचे मिळून ६२०. आता झेरॉक्सच्या दुकानातला ए-फोर कागद घ्या: २१ बाय २९.७, म्हणजे ६२४. नांदेडहून लातूरला निघालेलं अख्खं कुटुंब, डबे-पिशव्यांसकट, एका झेरॉक्स कागदावर बसून जातं. ब्रेक, वळण, ओव्हरटेक, सगळं त्या कागदाच्या जिवावर. टायरची भिंत थोडा भार उचलते, नक्षीच्या खाचा वजा कराव्या लागतात, म्हणून आकडा ढोबळ आहे. पण एका कागदाचे दोन काही होत नाहीत.

श्रीमंतांच्या गाडीलाही यातून सुटका नाही. बुगाटी शिरॉन घ्या. दीड हजार अश्वशक्ती, वजन दोन टनांच्या आसपास, मागचे टायर ३५५/२५ आर २१, म्हणजे वीतभर नव्हे तर जवळजवळ दीड वीत रुंद. अडीच किलोचा दाब धरला तर तिचा एकूण ठसा ८०० चौरस सेंटिमीटर. सव्वा कागद! ताशी ४२० किलोमीटरला, म्हणजे कंपनीनेच घातलेल्या मर्यादेला, हे मागचं चाक सेकंदाला ५२ फेरे घेतं. तेव्हा त्याच्या कडेवरचं एक ग्रॅम रबर बाहेरच्या बाजूला जवळपास चार किलोच्या जोराने ओढलं जातं. नक्षीत अडकलेला पाच ग्रॅमचा खडा वीस किलोंचा होऊन बसतो.

मग रुंद टायर घातला की पकड वाढते, हे खरं की खोटं? टायरच्या दुकानात हा प्रश्न रोज विचारला जातो, आणि उत्तर बहुतेकदा गिऱ्हाइकाच्या खिशाकडे बघून मिळतं. वजन तेच आणि हवा तीच असेल, तर ठशाचं क्षेत्रफळही तेवढंच राहतं. रुंद टायरचा ठसा आडवा पसरतो, पण लांबीला तेवढाच आखडतो. एकाच गोळ्याची भाकरी तुम्ही गोल थापा नाहीतर लांबट, पीठ वाढत नाही. स्पोर्ट्स कारला रुंद टायर लागतो तो वळणावर आडवा जोर झेलायला, तापलेलं रबर थंड राखायला आणि मऊ रबर वापरता यावं म्हणून. मोठी रिम लागते ती आत मोठे ब्रेक बसावेत म्हणून. खरा फरक पडतो रबराने. साध्या टायरची कोरड्या डांबरावरची पकड वजनाच्या ऐंशी-नव्वद टक्के, शर्यतीच्या गुळगुळीत टायरची दीडपटीपर्यंत. पण तो टायर पावसात घेऊन निघालात तर देव आठवेल.

बऱ्याच हॅचबॅकना १८५/६५ आर १५ टायर येतो. पहिला आकडा रुंदीचा, मिलिमीटरमध्ये. दुसरा भिंतीच्या उंचीचा, रुंदीच्या टक्क्यांत. तिसरा रिमचा, इंचात. एकाच ओळीत तीन मापं, तीन तऱ्हांची. हे ज्याला सुचलं त्याला बाजारहाट करायला पाठवू नये. त्याजागी २०५/५५ आर १६ बसवलात तर चाक दीड-पावणेदोन टक्क्यांनीच मोठं होतं, खपून जातं. रुबाबासाठी २१५/६५ आर १६ घातलात तर चाक दहा टक्क्यांनी वाढतं, काटा शंभर दाखवतो तेव्हा गाडी एकशे दहाने चाललेली असते, आणि टायर मडगार्डला घासतो तो वेगळाच.

पावसाळ्यात तर हवेचा दाब हाच खरा आकडा. साचलेल्या पाण्यावर टायर कोणत्या वेगाला तरंगायला लागतो, याचं नासाच्या अभ्यासातून निघालेलं एक सूत्र आहे. ३२ पीएसआयला तो वेग येतो ताशी ९४ किलोमीटर. हवा २० वर उतरली असेल तर ७४ लाच चाकाखालचा रस्ता संपतो.

आपल्याकडे डांबरावर आणखी एक वस्तू असते. शेतातून निघालेल्या ट्रॅक्टरने पाच-पन्नास मीटर सांडलेली काळी माती. तिच्यावर भुरभुर पाऊस पडला की लोणी. कोरड्या रस्त्यावर ताशी १०० वरून थांबायला ४९ मीटर लागतात. पकड वजनाच्या तीस टक्क्यांवर आली तर १३१. ब्याऐंशी मीटर जास्त, आणि पुढे कुणाचीतरी ऊसगाडी.

पण त्या ट्रॅक्टरला नावं ठेवण्याआधी त्याचा ठसा बघा. ५० अश्वशक्तीचं हेड, म्हणजे ट्रॉलीविना नुसता ट्रॅक्टर, वजन दोन टन, त्यातले १,३०० किलो मागच्या दोन चाकांवर. मागे हवा फक्त १२ पीएसआय. एका चाकाचा ठसा निघतो ७७० चौरस सेंटिमीटर, दोन्हींचा १,५४०. अडीच कागद! पन्नासचं हेड नुसत्या मागच्या चाकांवर दीड हजार अश्वशक्तीच्या बुगाटीच्या दुपटीने जमीन धरून उभं असतं. हीच युक्ती अमेरिकेतल्या टॉप फ्युएल ड्रॅगस्टरची. दहा हजारांवर अश्वशक्ती, आणि मागच्या टायरांत हवा सहा-सात पीएसआय. नांगरणाऱ्याला आणि ड्रॅगस्टरवाल्याला एकच गोष्ट कळलेली आहे: ठसा मोठा करायचा तर टायर बदलण्याआधी हवा बदला.

आपल्याकडे त्याला पाण्याची जोड. मागच्या टायरात पाऊण भागापर्यंत पाणी भरतात; १३.६-२८ च्या टायरात दोनशे लिटरच्या आसपास बसतं. दोन चाकांना चारशे किलो वजन, फुकटात. तरीही मातीत चाक घसरतंच, आणि थोडं घसरायलाही हवं: दहा-पंधरा टक्के. तीन फुटी अवजाराने एक एकर नांगरायला साडेचार किलोमीटर चालावं लागतं. पंधरा टक्के घसरण असेल तर मागचं चाक साधारण १,३५० फेरे घेतं, तीस टक्के असेल तर १,६५०. मधले तीनशे फेरे डिझेल पितात आणि जमीन दाबतात, नांगर पुढे सरकत नाही. या सगळ्याचं उत्तर आपल्या भाषेत एका शब्दात आहे: वाफसा, म्हणजे मशागतीला बेताची ओल. वाफसा आला नसेल तर साठचं हेडही रुततं, आला असेल तर चाळीसचंही हसत ओढतं.

आता चाकाचं दुसरं टोक. एप्रिल २०१६. लातूरच्या नळांना पाणी नव्हतं आणि मिरजेहून रेल्वेने पाणी आणायचं ठरलं. कोट्याहून टँकरच्या वाघिणी वाफेने धुऊन आल्या, प्रत्येकीत ५० हजार लिटर. पन्नास वाघिणींच्या गाडीत २५ लाख लिटर, म्हणजे अडीच हजार टन पाणी. रिकामी वाघीण २७ टनांच्या घरात, म्हणजे इंजिन सोडून गाडी ३,८५० टन. प्रत्येक वाघिणीला आठ चाकं, एकूण ४००. पोलादी चाक पोलादी रुळाला टेकतं साधारण एक चौरस सेंटिमीटरवर, करंगळीच्या नखाएवढं. म्हणजे अख्ख्या गाडीचा ठसा ४०० चौरस सेंटिमीटर. प्रत्येक चाकाला दीड चौरस सेंटिमीटर धरा, ६०० होतील. ए-फोर कागद तरीही मोठाच.

पोलादावर पोलादाची पकड रबराच्या निम्मीही नाही. मग इतकं वजन हलतं कसं? कारण ते अडतच नाही. सपाटीवर ही गाडी नुसती गडगडत ठेवायला पाच-सहा टनांची ओढ पुरते. तेच वजन रबरी टायरवर डांबरी रस्त्याने न्यायचं तर चाळीस-पन्नास टन लागतील. चढावर इंजिनाचं चाक घसरायला लागलंच तर चाकापुढे रुळावर वाळू सोडतात. चिमूटभर वाळूवर हजारो टन चढतात.

मिरज ते लातूर हा मार्ग जुन्या बार्शी लाइट रेल्वेचा. रूळ अडीच फुटी. १९११ मध्ये गाडी लातूरला आली, तेव्हा एका आसावर पाच टनांची मर्यादा होती. पाण्याच्या वाघिणीचा एकेक आस एकोणीस टनांचा. रूळ रुंद झाले नसते तर पाणी मिरजेलाच राहिलं असतं.

पहिली गाडी १२ एप्रिल २०१६ च्या पहाटे लातूरला पोचली. दहाच वाघिणी, पाच लाख लिटर, ऐंशी चाकं. ठसा ८० चौरस सेंटिमीटर. तुमच्या गाडीच्या एका टायरखालच्या गेरूच्या डागाच्या निम्मा.